देश वाढतो, उचल फिटत नाही

दसरा-दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या, लहान लेकरं आणि वर बसलेली माणसं. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी कर्नाटकात. ऊस तोडायला. राज्यात असे दहा लाखांच्या आसपास ऊसतोड कामगार असावेत, असा सर्वसाधारण अंदाज आहे. या स्थलांतराला खरा जोर चढला तो १९७२ च्या दुष्काळानंतर. म्हणजे आज उसाच्या फडात उभ्या असलेल्या कित्येकांच्या घरातली ही तिसरी पिढी आहे.

या तीन पिढ्यांच्या काळात देश कुठून कुठे आला! १९९१ मध्ये आयात-निर्यात आणि उद्योगांवरची बंधनं सैल झाली. आज भारत जगातल्या पहिल्या पाच मोठ्या अर्थव्यवस्थांत आहे आणि देशातल्या राज्यांत महाराष्ट्राची अर्थव्यवस्था सगळ्यात मोठी आहे. मग प्रश्न पडतोच. इतकी वाढ झाली, तर आजोबांच्या हातातला कोयता नातवाच्या हातात कसा आला?

यावर नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे, विकास अजून त्यांच्यापर्यंत पोचलेला नाही, पोचेल. मला हे उत्तर मुळातच चुकीचं वाटतं. ऊसतोड कामगार विकासाच्या बाहेर कुठे उभा नाही. तो राज्यातल्या एका मोठ्या उद्योगाच्या अगदी पोटात आहे. त्यानं तोडलेल्या उसाची साखर होते, मळीपासून इथेनॉल होतं, ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, चोथ्यापासून वीज होते. वाढ त्याच्या हातातूनच जाते. तिथे ती थांबत का नाही, हा खरा प्रश्न आहे आणि तो समजून घ्यायला थोडं आकड्यांत शिरावं लागेल.

आधी एक गोष्ट मोकळेपणानं मान्य करू. देशातली गरिबी खरोखरच कमी झाली आहे. गरिबी मोजायची जुनी पद्धत अशी, की जगायला किमान किती खर्च लागतो ते ठरवायचं आणि त्याखाली किती माणसं आहेत ते मोजायचं. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ होते. १९७१ मध्ये त्यांनी दिवसाला २२५० उष्मांक मिळतील एवढ्या खर्चाची कसोटी लावून देशातल्या गरिबीचा हिशेब मांडला. पुढे ही रेषा अनेकदा बदलली. सरकारनं नेमलेल्या तेंडुलकर समितीच्या पद्धतीनं २०११-१२ साली ती खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये होती. त्याखाली तेव्हा देशातले जवळपास २२ टक्के लोक होते.

नवी पद्धत पैशांऐवजी आयुष्याकडे बघते. निती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक पोषण, शाळा, स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, बँक खातं अशा १२ गोष्टी तपासतो. त्यानुसार २०१५-१६ साली देशात जवळपास २५ टक्के लोक गरीब होते, २०१९-२१ मध्ये ते १५ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात हाच आकडा १४.८ वरून ७.८ वर आला. ही घट कागदी नाही. गावोगाव गॅसची टाकी आली, वीज आली, ८० कोटी लोकांना रेशनवर मोफत धान्य मिळतं. उपासमारीची धार बोथट झाली हे खरं आहे आणि ज्यांनी ती धार सोसली आहे त्यांना त्याची किंमत कळते.

पण राज्याच्या ७.८ टक्क्यांच्या पोटात नंदुरबारही आहे. तिथे त्याच पाहणीत जवळपास दर तिसरा माणूस गरीब निघाला. सरासरीनं मुंबई, पुणे आणि नंदुरबारमधले अक्राणी-अक्कलकुवा तालुके एकाच टोपलीत भरले, एवढंच.

आणि दुसरी अडचण जास्त खोलातली आहे. या १२ गोष्टी घराशी बांधलेल्या आहेत. ऊसतोड कुटुंबाच्या गावातल्या घरी शौचालय आहे, नळ आहे, वीज आहे, गॅस आहे. कागदावर हे घर गरिबीतून बाहेर आलं. पण वर्षातले पाच-सहा महिने ते कुटुंब त्या घरात नसतंच. ते असतं कारखान्याजवळच्या माळावर, बांबू-ताडपत्रीच्या कोपीत, जिथे यातलं बहुतेक काही नाही. रेशनकार्ड आता देशात कुठेही चालतं. पण पहाटे चारला फडात जाऊन अंधार पडल्यावर परतणाऱ्या बाईनं परक्या गावातल्या रेशन दुकानात उभं राहायचं तरी कधी? निर्देशांकात सुटलेली गरिबी अशी कोपीत येऊन राहते.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे उचलीकडे.

पावसाळ्यात हाताला काम नसतं. पेरणीला, आजारपणाला, लग्नाला पैसे लागतात. तेव्हा मुकादम येतो आणि पुढच्या हंगामाच्या मजुरीपोटी आगाऊ रक्कम देतो. हीच उचल. ती एका माणसाला मिळत नाही, ‘कोयत्या’ला मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक जोडी. व्यवहार बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावानं होतो. बाई तेवढंच, खरं तर जास्तच काम करते. ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, परत येऊन चूल पेटवते. हिशेबात मात्र ती अर्धा कोयता, आणि तो अर्धाही नवऱ्याच्या नावावर.

उदाहरणादाखल एक लाखाची उचल धरू. जानेवारी २०२४ मध्ये कारखान्यांचा साखर संघ आणि कामगार संघटनांत करार झाला, तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला साधारण ३६६ रुपये झाला. एक जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये होतात. बारा-चौदा तास राबून माणशी ३६६. एक लाख फेडायला यांना २७३ टन ऊस तोडावा लागेल, म्हणजे सुट्टी न घेता १३७ दिवस.

पण हंगाम १३७ दिवस चालतो का? २०२४-२५ मध्ये राज्यातल्या अनेक कारखान्यांचं गाळप शंभर दिवसांच्या आत आटोपलं. एक कारण त्या वर्षी ऊसच कमी होता हे आहे. दुसरं कारण मात्र कायमचं आहे. कारखान्यांची संख्या आणि रोजची गाळपक्षमता वाढत गेली, त्यामुळे तेवढाच ऊस कमी दिवसांत संपतो. शंभर दिवसांत आपल्या जोडीची मजुरी झाली ७३,२०० रुपये. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, कारखाना बंद झाला आणि २६,८०० रुपये अंगावर राहिले. त्यात खाडे धरलेले नाहीत. आजारी पडलं, मूल तापानं फणफणलं, काम चुकलं, की त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. कित्येक ठिकाणी तो पाचशे रुपयांपासून पुढे असतो. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून हातखर्चाला चार पैसे मिळतात तेवढेच.

ही ‘बाकी’ पुढच्या वर्षीच्या उचलीत धरली जाते. म्हणजे पुढच्या हंगामात कुठे जायचं, कुणाकडे जायचं, हे या कुटुंबानं ठरवायचं राहतच नाही.

इथे नीट थांबून बघा काय झालं. कारखान्याची क्षमता वाढली. राज्याच्या उत्पन्नात ती भर म्हणून मोजली जाईल, आणि ती भर आहेही. पण त्याच वाढीमुळे कामाचे दिवस घटले, उचल फिटली नाही, आणि कुटुंब आणखी एका वर्षासाठी बांधलं गेलं. वाढ आणि गरिबी इथे एकाच कारखान्याच्या वजनकाट्यावर उभ्या आहेत. म्हणून ‘वाढ पुरेशी झाली की गरिबी आपोआप जाईल’ यावर माझा विश्वास बसत नाही. वाढ लागतेच, तिच्याशिवाय वाटायलाच काही नसतं. पण कुणाच्या हाती काय पडणार हे दुसरीकडेच ठरतं, आणि तिथे कामगाराला जागा नाही.

ती जागा कशी असते हे बघायचं तर उसाच्या दोन दरांची तुलना करा. शेतकऱ्याला मिळणारा किमान दर केंद्र सरकार ठरवतं. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला, म्हणजे उसातून तेवढी साखर निघते असं धरून, टनामागे ३,५५० रुपये ठरला. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ही रक्कम चौदा दिवसांत द्यावी लागते. ती थकली तर आंदोलनं होतात, साखर आयुक्त जप्तीची कारवाई करतात. शेतकऱ्यानं हा हक्क झगडून मिळवला आहे आणि तो हवाच. तोडणीचा दर मात्र कराराचा. कराराची मुदत संपली की संप, बैठका, ताटकळणं, मग थोडी वाढ. तो दर खरोखर हातात पडला की नाही हे बघायला कुणी आयुक्त येत नाही, कारण मजुरी आधीच उचलीत खर्ची पडलेली असते.

मालक कोण, हेही धड सापडत नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूक ठेकेदाराशी. ठेकेदार मुकादमाकडे बोट दाखवतो. मुकादम म्हणतो, मी पैसे उसने दिलेत. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्या बिलातून कापला जातो, त्यामुळे दर वाढवा म्हटलं की शेतकरी आणि कामगार समोरासमोर येतात. शेतात दिवसभर दहा लाख माणसं राबतात आणि कायद्याच्या नजरेत त्यांना कामावर ठेवणारा स्पष्ट असा कुणी नसतो. भविष्य निर्वाह निधी, बाळंतपणाची रजा, अपघाताची भरपाई, हे सगळं मालक सापडला तर मागायचं ना!

हे फक्त उसातलं नाही. देशात दहापैकी जवळपास नऊ कामगार अशाच असंघटित कामात आहेत. बांधकामावरचा मजूर, वीटभट्टीवरचं कुटुंब, गोदामातला कंत्राटी पोऱ्या. साखळीच्या वरच्या टोकाला नोंदणीकृत कंपनी, खालच्या टोकाला तोंडी व्यवहार.

मग ही माणसं दुसरं काम का शोधत नाहीत? कारण दुसरं काम फारसं तयारच झालेलं नाही. जे देश झपाट्यानं गरिबीतून वर आले, तिथे शेतीतली माणसं मोठ्या संख्येनं कारखान्यांत गेली. आपल्याकडे २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार कामकरी लोकांपैकी ४६ टक्के शेतीत आहेत आणि देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास. वस्तू बनवणाऱ्या उद्योगांत कामगार फक्त ११ टक्क्यांच्या घरात. वाईट गोष्ट अशी की २०१८-१९ मध्ये शेतीतलं प्रमाण ४२.५ टक्क्यांपर्यंत उतरलं होतं. कोरोनात माणसं गावाकडे परतली आणि त्यानंतर ते परत चढलं. आपली वाढ बँका, सॉफ्टवेअर, बांधकाम, वाहन उद्योग अशा क्षेत्रांत झाली. त्यांतल्या चांगल्या नोकऱ्यांना पदवी लागते. पदवीसाठी शाळेत सलग बसावं लागतं.

आणि इथे मुलांचा प्रश्न येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शाळा सुटते ती उन्हाळ्यापर्यंत. सरकारनं हंगामी वसतिगृहं काढली आहेत, त्याआधी कारखान्यांजवळ साखरशाळा होत्या. मुलगा आजीपाशी किंवा वसतिगृहात राहू शकतो. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आईबाप धजावत नाहीत, कोपीत नेणंही सुरक्षित वाटत नाही. मग लग्न. शिवाय लग्न झालं की नवा कोयता तयार होतो आणि नव्या जोडीला वेगळी उचल मिळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. बीडमध्ये हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या वर होतं. याला मागास रूढी म्हणून झटकून टाकणं सोपं आहे. पण मजुरीची पद्धतच जोडी मागत असेल, तर तो दोष फक्त आईबापांच्या मनात शोधून कसं चालेल?

शरीराचंही तेच. २०१९ मध्ये बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण बाहेर आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळीच्या दिवसांत विश्रांती घ्यावी तर खाडा, पाणी आणि शौचालय नाही म्हणून जंतुसंसर्ग, त्यावर उपचार म्हणून ऑपरेशन, ऑपरेशनसाठी पुन्हा कर्ज किंवा उचल. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी २०२१-२२ मध्येही सुमारे ३९ टक्के लोकांच्या स्वतःच्या खिशातून गेले. पूर्वीपेक्षा हे प्रमाण बरंच उतरलं आहे. पण ज्याच्या गाठीशी काहीच नाही, त्याला एकच आजार वर्षभराची मेहनत खाली खेचायला पुरतो. गरीब घर एकदाच गरीब होत नाही. ते वर येतं, एखादा धक्का बसतो, परत खाली जातं.

पाण्याबद्दल थोडक्यात सांगते. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा फार लहान, पण सिंचनाच्या पाण्यातला वाटा निम्म्याहून मोठा. बीडमधल्या बालाघाट डोंगररांगेचा बराचसा भाग पर्जन्यछायेत. ज्यांच्या शिवारात पाणी पोचलं नाही, ते पाणी पोचलेल्या शिवारात मजूर म्हणून जातात. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजायला १९८३ मध्ये दांडेकरांच्याच अध्यक्षतेखाली समिती बसली, पुढे विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ मध्ये आला. मोजमापाची कमतरता आपल्याकडे कधीच नव्हती.

आता विषमतेकडे वळू, कारण गरिबी घटली तरी विषमता वाढू शकते आणि लोक या दोन्हींची गल्लत करतात. २०२५ मध्ये ‘भारत जगातल्या सर्वांत समान देशांपैकी एक’ अशा बातम्या झळकल्या. दुसरीकडे जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या पॅरिसच्या संशोधकांनी दाखवलं की २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का भारतीयांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४० टक्के वाटा होता. खरं काय? त्या बातम्या खर्चाच्या आकड्यांवरून होत्या, पॅरिसचे आकडे उत्पन्नाचे आणि संपत्तीचे आहेत. गरीब माणूस मिळतं ते सगळं खर्च करतो. श्रीमंताचं बरंचसं उत्पन्न खर्च होतच नाही, ते शेअर, जमीन, फ्लॅट यांत जातं. शिवाय घरोघरी जाऊन विचारणाऱ्या पाहणीत अतिश्रीमंत सापडत नाहीत आणि सापडले तरी सगळं सांगत नाहीत. त्यामुळे खर्चाची विषमता नेहमीच कमी दिसते. तरीही खर्चाची तीच सरकारी पाहणी बघा. २०२२-२३ मध्ये खेड्यातल्या तळाच्या पाच टक्के लोकांचा महिन्याचा खर्च माणशी १,३७३ रुपये होता आणि शहरातल्या वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४.

संपत्तीचा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. संपत्ती म्हणजे वाईट दिवसांत न मोडता उभं राहण्याची सोय. ज्याच्याकडे ती आहे त्याला मुकादमाच्या दारात जावं लागत नाही.

उपाय काय, यावर दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्यांच्यात गोंधळ होऊ नये. एक वाट मदतीची. गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारनं घालायची असं ठरलं. चांगल्या हंगामात राज्यात दहा कोटी टनांच्या आसपास गाळप होतं. म्हणजे दोन्ही मिळून दोनशे कोटी. दहा लाख कामगारांत भागले तर माणशी वर्षाला दोन हजार रुपये. वसतिगृहं, विमा यांसाठी ते लागतातच, पण उचलीची गाठ यातून सुटणार नाही.

दुसरी वाट व्यवहाराच्या अटी बदलण्याची. महाराष्ट्रानं हे एकदा करून दाखवलं आहे. हमाल-माथाडींनाही मालक नव्हता. आज या दुकानात, उद्या त्या गोदामात. १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. मंडळाकडे कामगाराची नोंद होते आणि माल उचलून घेणाऱ्याचीही. मजुरी मंडळामार्फत मिळते, वर माल उचलून घेणाऱ्याला ठरावीक टक्के लेव्ही, म्हणजे जादा आकार, बसते आणि त्यातून निर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), दवाखाना चालतो. मालक कोण हा वाद घालत बसण्यापेक्षा मंडळच मधे उभं केलं. ऊसतोड कामगारांसाठी असंच मंडळ करा, ही मागणी जुनीच आहे. नवरा आणि बायको यांची वेगवेगळी नोंद, दोघांची वेगवेगळी खाती, उचलीचा लेखी हिशेब, खाड्याच्या दंडाला बंदी, आणि पावसाळ्यात मुकादमाऐवजी बँकेकडून वाजवी व्याजात मिळणारं कर्ज. यातली कुठलीही गोष्ट अशक्य नाही. रोजगार हमीची कल्पनाही विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात प्रयोग करून याच राज्यात उभी केली होती. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशानं ती उचलली.

मजुरी वाढवायला पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न रास्त आहे. त्याचा हिशेब सोपा आहे. एक टन उसातून साधारण शंभर किलो साखर निघते. म्हणजे आपण किलोमागे चाळीस-पंचेचाळीस रुपये मोजतो, त्यात तोडणाऱ्या जोडीचे साडेतीन ते पावणेचार रुपये असतात. तोडणीचा दर टनाला शंभर रुपयांनी वाढवला, तर साखरेवर किलोमागे एक रुपया चढेल. इथेनॉल आणि विजेचं उत्पन्न धरलं तर त्याहूनही कमी. दहा कोटी टनांवर हे हजार कोटी होतात, कामगारामागे वर्षाला दहा हजार. महामंडळाच्या मदतीच्या पाचपट. आपल्या जोडीचे शंभर दिवसांत वीस हजार रुपये वाढतील आणि २६,८०० ची बाकी ६,८०० वर येईल.

साखरेचा किमान विक्री दर वाढवून द्या, अशी मागणी कारखाने गेली काही वर्षं केंद्राकडे करत आले आहेत. २०१९ पासून तो किलोला ३१ रुपयांवर आहे. तो जेव्हा वाढेल, तेव्हा वाढलेल्या प्रत्येक रुपयातले किती पैसे तोडणीला, हे त्याच आदेशात लिहून घेता येईल.